सहाव्या मजल्यावरचा बैल

आमच्या स्वर्णशिखर सोसायटीत चौऱ्याऐंशी फ्लॅट आहेत आणि त्यांतलं एकही घर मूळचं इथलं नाही. असणार तरी कसं? वीस वर्षांमागे इथं तुरीचं वावर होतं. मग मिहानचा उद्योग प्रकल्प आला, विमानांची दुरुस्ती आली, कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या आणि त्यांच्यामागं देशभरची माणसं आली. आता सकाळी जॉगिंग ट्रॅकवर एक चक्कर मारली, तर एकाच सुनेची निंदा चार भाषांत ऐकायला मिळते. मला चारही समजतात. निंदा समजायला व्याकरण लागत नाही.

पैसा म्हणाल तर तो सगळ्यांकडे आहे. पोहण्याचा तलाव आहे, त्यात लोक पाय बुडवून फोटो काढतात. गेटवर ॲप आहे. त्यावर होकार दिल्याशिवाय सख्खा मेहुणासुद्धा आत येऊ शकत नाही, आणि ही सोय मला मनापासून आवडते. एवढं सगळं असून कोण कुठला, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. बी विंगमधल्या वहिनींना अख्खी सोसायटी सहा वर्षं गुजराती समजत होती. त्या निघाल्या सोलापूरच्या.

हे सगळं बाहेर काढलं ते सहाव्या मजल्यावरच्या नत्थूजींनी. तेही एकाही माणसाला आडनाव न विचारता.

नत्थूजी हेडाऊ म्हणजे उमरेडचे विणकर. पन्नास वर्षं हातमागावर बसले. माग बंद पडला, पाठोपाठ बायको गेली, तेव्हा मिहानमध्ये इंजिनिअर असलेल्या संजीवनं, त्यांच्या मुलानं, त्यांना इथं आणलं. सामान काय, तर एक कापडी पिशवी आणि एक लाकडी बैल. सागवानी, कमरेइतका उंच, शिंगं अशी पसरलेली की लिफ्टमध्ये तिरपा करून चढवावा लागला. संजीव लहान असताना तान्ह्या पोळ्याला तो हाच बैल ओढायचा.

म्हातारा बारीक, काटक, अबोल. खुर्चीवर बसला की दोन्ही पाय आळीपाळीनं खालीवर करायचा, जणू खाली अजून माग आहे. आणि एक खोड होती. समोरच्याचं कापड दोन बोटांत धरून बघायची. लिफ्टमध्ये अनोळखी माणसाच्या बाहीला अंगठा लावायचे आणि म्हणायचे, "पॉलिस्टर." बस्स, एवढंच. पुढं आपला मजला आला की उतरून जायचे. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार आली की कुणी ज्येष्ठ नागरिक लिफ्टमध्ये शर्ट चाचपतात. तक्रार करणाऱ्याचा शर्ट खरंच पॉलिस्टरचा होता. बहुधा राग त्याचाच असावा.

माझी त्यांची ओळखही तशीच झाली.

"काहून गा, हा सदरा खादीचा म्हणून घेतला का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"फसले," ते म्हणाले, आणि आमची दोस्ती झाली.

आता तान्हा पोळा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडची पोरं लाकडी बैल सजवतात आणि दोरीनं ओढत दारोदार नेतात. घरची बाई बैलाला कुंकू लावते, पोराच्या हातावर खाऊ, चिल्लर, जे असेल ते ठेवते. त्याला म्हणायचं बोजारा. पण आमच्या सोसायटीत दारोदार काही नसतं. पोरं पाच वाजता क्लब हाऊसमध्ये जमतात, बैलांची स्पर्धा होते, बक्षिसं वाटतात, समोसा मिळतो, सहाला सगळे घरी. हा नियम अध्यक्ष कुसुमताईंचा. "मुलांनी लोकांच्या बेल वाजवत फिरायचं नाही. आमच्या पुण्यात असलं काही नसतं," हे त्यांचं वाक्य.

पहिल्या वर्षी नत्थूजींना हे कुणी सांगितलंच नाही. चार वाजल्यापासून म्हातारा दार उघडं टाकून उंबऱ्याशी बसला. धुतलेलं धोतर, सुपात मुरमुऱ्याचे लाडू, वाटीत कुंकू. खाली क्लब हाऊसात नुसता गोंगाट. वर एक बैल फिरकला नाही. नऊ वर्षांची नात वेदिका समोसा खाऊन वर आली तेव्हा आजोबा तसेच बसलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पिशवी भरली.

"मी उमरेडले जातो," ते सुनेला म्हणाले. "माणसं चांगले आहे इथले. पण हे गाव नाही. जिथं तान्ह्या पोळ्याले पोराचा बैल दारी येत नाही, त्याले गाव म्हणते का कोणी?"

संजीव दाराला आडवा उभा राहिला. उमरेडच्या त्या घरात आता काय होतं? बंद खोली, वरचेवर वाढणारं ब्लडप्रेशर आणि पाणी द्यायलाही कुणी नाही. मग सून भारती पुढं झाली. भारती शाळेत गणित शिकवते, तिला सौदा समजतो.

"मामाजी, एक वर्ष थांबा नं. पुढच्या तान्ह्या पोळ्याले एकही बैल दारी नाही आला, तर मी सोतः तुमाले उमरेडले नेऊन देईन. शब्द."

"घरचा बैल मोजाचा नाही."

"नाही मोजत."

"न् बलावून आणलेला बी नाही. बोजाऱ्याचं आवतन नसते देत."

तिनं मान डोलावली. पिशवी रिकामी झाली. ती घडी घालून दाराच्या मागच्या खिळ्याला टांगली, दिसेल अशी. पुढलं वर्षभर त्या घरात येणारा-जाणारा पहिल्यांदा ती पिशवी बघायचा.

वर्ष सरत आलं. श्रावण लागला तसं नत्थूजींनी बैलाला धूळ पुसून बाहेर काढलं. चाकं मोडली होती, पाठीवरची झूल विरली होती. चाकांसाठी त्यांनी सुताराला बोलावून बैलाखाली बसवायचा नवा चाकांचा पाट करायला सांगितला, आणि झुलीसाठी मला घेऊन निघाले.

"कुठं?" मी विचारलं.

"घरोघर. एकेका घरून जुन्या साडीचा वीतभर काठ मागाचा. त्याची झूल करतो."

मी चपला घातल्या. चौऱ्याऐंशी घरांत जायला मिळणार, तेही मानानं! आमची बायको प्रेमिला म्हणाली, "जा बाप्पा. देवानं तुमच्यासाठीच हा दिवस ठेवला होता."

सुरुवात तिच्यापासूनच झाली. तिनं कपाटातून एक निळी साडी काढली. "ह्यांनी लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला आणली होती. अस्सल रेशीम." नत्थूजींनी काठाला अंगठा लावला, माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"वहिनी, रेशीम म्हणून देल्ली का यांनं?"

पुढचे तीन दिवस मला वरणात मीठ नव्हतं.

पण पुढं जे दिसलं ते वर्तमानपत्रात येत नाही. तळमजल्यावरच्या मारवाडी सेठाणीनं गोटा, म्हणजे चकचकीत जरीची पट्टी, लावलेला काठ दिला आणि बजावलं की बैलाच्या कपाळावर लागला पाहिजे, मागं लावाल तर परत द्या. त्यांची सून केरळची आहे हे आम्हाला तेव्हा कळलं, कारण ती आतून पांढऱ्या साडीचा सोनेरी काठ घेऊन आली. सेठाणी म्हणाली, "ये भी लगा लो, मगर मेरे नीचे." रेल्वेतून निवृत्त झालेल्या बंगाली बाबूंच्या बायकोनं लाल-पांढरी साडी पुढं केली. मी म्हटलं, शुभाची साडी कापायची का? त्या म्हणाल्या, "सासूमाँ की है. आराम से काटो." नंदिनी डॉक्टरनं आपली पांढरी साडी आणली, निळ्या काठाची. दरवर्षी दीक्षाभूमीला ती हीच नेसून जाते. तिनं कात्री स्वतःच्या हातात घेतली आणि काठ सरळ कापला, टाके घालणारा हात तो. जरीपटक्याच्या सिंधी वस्तीतून आलेल्या आजीनं काठ देण्याआधी फाळणीपासूनची गोष्ट सांगितली. आम्ही तिथून दोन वेळचा चहा पिऊन निघालो. हैदराबादकडच्या जोडप्याच्या घरात एकही साडी निघाली नाही. त्यातली मुलगी इतकी लाजली की तिनं वारंगलला आईला फोन लावला आणि पाच दिवसांनी कुरिअरनं काठ आला, सोबत लोणचंही. सी विंगमध्ये एकटा राहणारा तमिळ इंजिनिअर म्हणाला, माझ्याकडं साडी कुठून असणार, आणि आपल्या वेष्टीचा काठ कापून दिला. वर विचारलं, "अंकल, स्पर्धेत लुंगी चालते ना?"

आणि त्या गुजराती समजलेल्या वहिनी! त्यांनी इरकलीचा काठ दिला तेव्हा सोलापूर बाहेर पडलं. नत्थूजी नुसतं म्हणाले, "तिकडचे काय तुमी?" वहिनींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सहा वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. सगळे आपले केम छो म्हणत होते आणि त्या बिचाऱ्या मजामा म्हणत होत्या.

शेवटी राहिल्या कुसुमताई, सगळ्यात वरच्या मजल्यावर. माझा नियम आहे, गोड पदार्थ आणि कुसुमताई शेवटी घ्यायच्या.

ताईंचं माहेर पुण्याचं, हे त्या दिवसातून दोनदा सांगत. बोलणं एकदम छापील. मला मात्र जुना संशय होता. सोसायटीच्या सहलीत मी बघितलं होतं, ताईंनी वाटीभर ठेचा मुकाट्यानं संपवला आणि नाकसुद्धा ओढलं नाही. शिवाय दर उन्हाळ्यात त्यांच्या गाडीतून लाल मिरचीचं पोतं उतरतं. पुण्याचं माहेर पोतंभर मिरची पाठवत नाही हो.

ताईंनी मलमलीत गुंडाळलेली साडी आणली. "माझ्या आईची आहे. पैठणीच म्हणा ना, जुन्या पद्धतीची."

नत्थूजींनी ती मांडीवर घेतली. अंगठा काठावरून फिरला आणि मध्येच थांबला. खाली हलणारे पायही थांबले. मी ते पाय थांबलेले पहिल्यांदाच पाहिले. साडी कोशाची, मातकट रंगाची. लाल काठाला करवतीसारखे बारीक दाते.

"करवती आहे," ते म्हणाले. "मागावर तीन धोटे एकावेळी चालवा लागते याले." मग वर बघून विचारलं, "ताई, तुमची माय कुठची?"

"पुण्याची," ताई म्हणाल्या. जरा हळूच म्हणाल्या.

नत्थूजींनी साडीची घडी घातली, आधी होती तशीच. "ही कापाची नाही. अशी आता कोणी विनत नाही. अख्खी द्या, मी काठावर कच्चे टाके मारतो. पोळा झाला का उसवून वापस."

लिफ्टमध्ये मी विचारलं, "पैठणी होती?"

"तुमचे डोळे कमजोर झाले."

"म्हणजे?"

"म्हणजे तोंडाले बी आराम द्या."

चार दिवस मी मागं लागलो, तेव्हा कुठं एक वाक्य हाती आलं. "उमरेडची आहे. आमच्याच गल्लीतल्या हाताची." आणि माझ्याकडून प्रेमिलाची शपथ घेतली की हे कुठं बोलायचं नाही. मी पाळली. पाच दिवस पाळली आणि सहाव्या दिवशी फक्त प्रेमिलालाच सांगितलं. शपथ तिचीच होती, तिला कळायला नको?

इकडं झूल वाढत होती. हॉलमध्ये बैल नव्या पाटावर उभा, अंगावर चौऱ्याऐंशी घरांचे काठ, एकाला एक जोडलेले. मधोमध वशिंडावरून कुसुमताईंची करवती साडी सोडलेली. येता-जाता बायका डोकावून जायच्या, आपला काठ कुठं आहे ते बघायला. पण दारी बैल आणा असं नत्थूजी कुणालाही म्हणाले नाहीत. संजीवला राहवलं नाही. त्यानं ऑफिसमधल्या मित्राला त्याच्या मुलाला बैल देऊन पाठवायला सांगितलं.

नत्थूजींना वेदिकाकडून ते कळलं. "भाड्याचा बैल चालत नाही बेटा," ते संजीवला म्हणाले. बस्स.

तान्हा पोळा उजाडला. खिळ्यावरची पिशवी सकाळीच खाली उतरली आणि भरली गेली. भारतीनं लाडू वळायला घेतले. नत्थूजी म्हणाले, "दहा पुरे. मागच्या साली सारे मीच खाल्ले." ती वळतच राहिली. मी गुळाचा वास घेत गेलो तेव्हा परातीत साठ तरी होते आणि तिचे डोळे लाल होते. गुळाच्या धुरानं म्हणाली.

पाच वाजता क्लब हाऊस भरलं. पोरांचे बैल एकाहून एक. एकाला दिव्यांची माळ, एकाला रिमोट. सेठाणीच्या नातवाच्या बैलाच्या पायांत खरे चांदीचे वाळे. पण सगळ्यांच्या माना लिफ्टकडं. चौऱ्याऐंशी घरांची झूल खाली यायची होती.

आली ती वेदिका. रडत.

"आजोबांचा बैल दारातून निघतच नाही! पाट मोठा झाला!"

खरंच झालं होतं तसं. बैल हॉलमध्येच पाटावर चढवला, झूल शिवली, शिंगांना बेगड लावली, आणि दार चार बोटं लहान पडलं. संजीव ढकलतोय, वॉचमन ओढतोय, बैल उंबऱ्यात अडून बसलेला.

माइक कुसुमताईंच्या हातात होता. "नियमाप्रमाणे बैल पाच वाजता इथं हजर पाहिजे," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. सगळे त्यांच्याकडं बघत होते.

"तो क्या, मेरी सासूमाँ ऊपर ही रहेगी?" बंगाली वहिनींनी विचारलं.

"मेरा गोटा भी ऊपर है," सेठाणी उठून उभ्या राहिल्या. "मैं तो देखने जाऊँगी."

तमिळ इंजिनिअर उठला. त्याची लुंगी वर होती, तो आधीच जिन्याकडं निघाला होता. त्याच्यामागं पोरं सुटली, बगलेत बैल, खांद्यावर बैल, दोरीनं पायऱ्यांवर आपटत चाललेले बैल. लिफ्टमध्ये सात बैल आणि दोन आया अडकल्या. चौथ्या मजल्यावर रिमोटचा बैल चांदीच्या वाळ्यांत गुंतला आणि रडारड सुरू झाली. कुसुमताई माइक टाकून धावल्या. पदर खोचून जिन्याच्या मध्यावर उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "अरे पोट्टेहो, लोटून काहून राहिले? रांगेनं चला नं! पाय मोडून घेता का आता!"

सगळा जिना वळून बघायला लागला. पुण्याच्या कुसुमताई! मी तिथंच कठड्याला टेकून उभा होतो. आयुष्यात इतकं समाधान मला फार कमी वेळा झालं आहे.

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. "भिवापूर आहे माहं माहेर, उमरेडच्या पुढं," त्या म्हणाल्या. "मिरचीचा धंदा होता बाबाचा. पुण्यात दोन वर्षं होस्टेलले होती. आता जा न् साऱ्यायले सांगा, नाहीतर पोट दुखन तुमचं."

वर उंबऱ्यात अर्धा बैल आत, अर्धा बाहेर. त्याच्या शिंगांच्या मागं नत्थूजी, हातात सूप. सत्तावन्न पोरं होती, भारतीनं मोजली. वेदिकाचा बैल तिनं धरला नाही, सौदा तो सौदा. म्हाताऱ्यानं एकेका बैलाला वाकून कुंकू लावलं, दिव्याच्या, रिमोटच्या, सगळ्यांच्या. बोजारा संपत आला तेव्हा कुसुमताईंनी वरून आपल्या घरचा चिवडा मागवला. भिवापुरी मिरचीचा. अर्धी पोरं डोळे पुसत, नाक ओढत जिना उतरली, पण एकानंही टाकला नाही. बायका झुलीला बोट लावून आपापला काठ दाखवत होत्या, हा माझा, हा आमच्याकडचा. सोलापूरच्या वहिनी तर अगदी वाकून. नत्थूजींनी कुसुमताईंना वशिंडावरची साडी दाखवली. टाके कच्चेच होते.

"उमरेडची आहे," ताईच म्हणाल्या. "मायच्या लग्नातली."

"मले मालूम आहे," नत्थूजी म्हणाले.

सगळे गेल्यावर दाराशी आम्ही घरचेच राहिलो. मी घरचा कसा, हे विचारू नका. भारतीनं पिशवीकडं बघत विचारलं, "मग मामाजी? पिशवी रिकामी करू?"

म्हातारा रिकामं सूप मांडीवर घेऊन बसला होता. पाय खालीवर हलत होते.

"कर," तो म्हणाला. "आता बैलच दारातून निघत नाही, तर त्याले सोडून मी एकटा कसा जाऊ?"

संजीवनं तोंड फिरवलं. वेदिका आजोबांच्या पाठीवर चढली.

आता एक गोष्ट राहिली, ती फक्त तुम्हाला सांगतो. बैल पाटावर चार बोल्टांनी बसवला आहे. पाच मिनिटांचं काम. बोल्ट काढले की बैल सुटा होतो आणि दारातून आरामात निघतो. संजीव इंजिनिअर आहे, त्याला हे दिसत नसेल? पण त्यानं अजून पान्याला हात लावलेला नाही. बैल तसाच उंबऱ्यात आहे, येणारा-जाणारा तिरपा होऊन आत शिरतो. आणि मला सुतार भेटला होता. मी विचारलं, बाबा रे, पाटाचं माप कसं चुकलं तुझं?

तो रागावला. "माप मी कुठं घेतलं जी? म्हाताऱ्यानंच दिलं. मी म्हटलं, दारातून निघाचा नाही. तर म्हणे, तू कर गा, कापडवाल्याले माप शिकवतो का?"